वाडीतल्या कांद्यांची वंशावळ

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना गझल आणि नज्म शिकवताना चार फुले पुनःपुन्हा येतात. नर्गिस, लाला, सुंबुल आणि सोसन. नर्गिस म्हणजे डोळा, लाला म्हणजे डागाळलेले काळीज, सुंबुल म्हणजे कुरळे केस आणि सोसन म्हणजे दहा जिभा असूनही मुकी. एवढे फळ्यावर लिहिले की आमचे काम संपते. मुलेही निमूटपणे उतरवून घेतात, परीक्षेत मार्क मिळतात. 'परिसराशी जोडून शिकवा' हे वाक्य आम्ही बी.एड.च्या वर्षी पाठ केले होते. पण काबूलच्या डोंगरातले लाल फूल रायगडच्या खाडीकाठाशी कसे जोडायचे, हे कोणी सांगितले नव्हते. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, तुम्ही स्वतः लाला बघितलाय?" आम्ही म्हणालो, "नाही." वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण तो प्रश्न मनातून गेला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही निघालो नव्हतो. ते एका पडीक वाडीत, मातीखाली, आपण होऊन समोर आले. आणि आम्हाला हवे होते तसे ते नव्हते, म्हणूनच हा लेख.

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक गाव आहे. तिथे एका जुन्या कोकणी मुस्लिम घराण्याचा वाडा आहे. घरातली एक पिढी जहाजावर गेली, दुसरी मुंबईला, तिसरी आखातात. वाड्याला कुलूप लागले आणि मागची दीड-एक एकर वाडी रानाच्या स्वाधीन झाली. नारळ, पोफळी आणि जांभूळ तेवढे आपल्या बळावर उभे होते. विहिरीवरचा रहाट मोडला होता, चिऱ्याचे पाट मातीने भरले होते आणि सगळीकडे घाणेरीची झुडपे माजली होती. गावातले लोक या वाडीला 'रान'च म्हणू लागले होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. ज्या झाडांवर घरे चालत होती ती झाडे उन्मळून पडली. पोफळ लावल्यावर पीक हाती यायला सहा-सात वर्षे लागतात. तेव्हा त्या दिवशी काय गेले याचा हिशोब नुसत्या पंचनाम्यात मावणारा नाही. या पडीक वाडीतलीही निम्मी झाडे गेली. पण पंचनाम्याला तिथे कोण येणार? मालक परगावी, पीक नाही, तक्रार नाही.

पुढे शाळा सुरू झाल्या तेव्हा आमच्या मनात आले, की मुलांना झाडे-पाने दाखवायला ही जागा मिळाली तर बरे. मुंबईतल्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "साफ करून वापरा, मास्तर. आमची हरकत नाही." मग २०२२ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही तीन शिक्षक, सात-आठ माजी विद्यार्थी आणि शेजारच्या घरातल्या एक वयस्कर खाला असे कामाला लागलो. खालांची आई याच वाडीत शिंपणाला आणि सुपाऱ्या सोलायला येत असे. त्यामुळे कुठे पाट, कुठे पायवाट, कुठे खत टाकायचा खड्डा, हे सगळे खालांना तोंडपाठ होते.

चौथ्या दिवशी विहिरीच्या दक्षिणेला, जिथे पूर्वी फुलांचा वाफा होता असे खाला सांगत होत्या, तिथे कुदळ मारताच पांढरे काहीतरी कापले गेले. माती हाताने सारली तर कांदा. त्याच्या बाजूला दुसरा, तिसरा. दुपारपर्यंत तीन घमेली भरली. काही कांदे लसणाएवढे, काही नारळाएवढे, काही लांबट मानेचे. एक तर कांदा नव्हताच, नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद होता. मुले आनंदली. एकाने दोन मोठे कांदे पिशवीत टाकून "अम्मीला देतो, सालनाला होतील" म्हटले. खालांनी ते हिसकावून घेतले. "हा खायचा कांदा नाय रे! मास्तर, तुम्ही पण हात धुवा आधी." त्यांचे म्हणणे किती खरे होते हे आम्हाला नंतर कळले. फुलझाडांचे अनेक कांदे विषारी असतात आणि दिसायला मात्र घरच्या कांद्याचे सख्खे भाऊ.

आमच्या मनात त्या क्षणी काय आले ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आम्हाला वाटले, हे नर्गिस असतील. लाला असेल, सुंबुल असेल. हे घराणे आपले मूळ बसऱ्याचे सांगते. त्यांच्या एखाद्या पणजोबांनी जहाजातून, रुमालात बांधून, हे कांदे आणले असतील. फळ्यावरची फुले आमच्याच गावच्या मातीत निघाली, असे त्या मुलाला सांगता येईल. एका दुपारीत आम्ही एवढा इतिहास रचून मोकळे झालो.

कांदा हा प्राणीच असा आहे, की तो माणसाला इतिहास रचायला लावतो. बी वाऱ्याने येते, पक्ष्याच्या पोटातून येते. बागेतला कांदा मात्र बहुतेक वेळा कोणीतरी हाताने आणून पुरलेला असतो. आपल्या जाड पापुद्र्यांत तो अन्नपाणी साठवतो आणि वाईट दिवस आले की पाने टाकून जमिनीखाली झोपी जातो. वर रान माजले, सावली दाटली, तर वर्षानुवर्षे फुलत नाही, नुसती चार पाने काढून तग धरतो. ऊन मिळाले की पुन्हा उठतो. निसर्ग वादळाने डोक्यावरचे छप्पर काढले आणि आमच्या कुदळीने अंगावरचे ओझे, एवढेच निमित्त. पण झोपलेला कांदा आपले नाव सांगत नाही. त्यासाठी फुलाची वाट पाहावी लागते. वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना दाखवले तर त्यांनी हेच सांगितले : "आता काही विचारू नका. लावा आणि वर्षभर थांबा."

आम्ही थांबलो. त्या वर्षभरात एकेका कांद्याने आपली ओळख दिली.

जूनच्या पहिल्या सरी पडून आठवडा झाला नाही तोच लसणाएवढ्या कांद्यांना गुलाबी फुले आली. ही पावसाळी लिली. आपल्याकडे ती इतकी सर्रास आहे की परकी वाटतच नाही. पण तिचे सगळे गोत अमेरिका खंडातले. ज्या समुद्रमार्गांनी मिरची, पपई, अननस, काजू, सीताफळ आपल्याकडे आले, त्यांच्याशीच जोडलेल्या वाटेने कधीतरी हे कांदेही आले. जुलैत तो नांगराच्या फाळासारखा कंद उगवला आणि वेलीवर लाल-पिवळ्या ज्वाळा पेटल्या. ही कळलावी. कंदाच्या आकारावरूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. बाळंतपणाच्या कळा लावायला सुईणी तिचा कंद वापरीत म्हणून कळलावी. ही मात्र आपल्या रानातलीच, आणि आफ्रिकेतही तितकीच घरची. तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असते. युनानी हकीम सांधेदुखीवर ज्या सुरंजानचा वापर करतात त्यातही तेच द्रव्य आहे. म्हणजे इराणी कंदातला आणि कोकणी कंदातला गुण-दोष एकच.

विहिरीजवळचे ते नारळाएवढे कांदे नागदवण्याचे निघाले. रुंद पाने आणि रात्री दरवळणारी पांढरी, कोळ्यासारखी फुले. याला कोणी आणून लावलेच पाहिजे असे नाही. त्याचे जाड बी समुद्राच्या पाण्यावर तरंगते आणि किनाऱ्याला लागले की रुजते. आशियाच्या अनेक किनाऱ्यांवर तो असाच पसरला आहे. बंदर नको, जहाज नको, परवाना नको.

पुढच्या उन्हाळ्यात, पाने नसताना, एका भल्या थोरल्या कांद्यातून नुसता दांडा वर आला आणि त्यावर मळकट फुले उमलली. हा रानकांदा, काही ठिकाणी कोळकांदा म्हणतात. या कांद्यापाशी मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो. कारण याच्या भूमध्य समुद्राकाठच्या भावाला युनानी वैद्यकात उन्सुल किंवा इस्कील म्हणतात, आणि तो दोन हजार वर्षांपासून खोकल्यावर, दम्यावर आणि हृदयविकारावर दिला गेला आहे. मालागात जन्मलेला आणि १२४८ साली दमास्कसला वारलेला इब्नुल बैतार हा मोठा वनस्पतिज्ञ. त्याने सुमारे चौदाशे औषधी द्रव्यांचा कोश केला. ही मंडळी पुस्तक वाचून थांबत नसत. इब्नुल बैतार अंदलूसहून निघून उत्तर आफ्रिका, आशिया मायनर, शाम असे फिरत स्वतः झाडे पाहत गेला. भारतातल्या हकिमांना उन्सुल सहज मिळत नव्हता, तेव्हा त्यांनी इथला रानकांदा त्या जागी वापरला आणि त्याला जंगली प्याज हे नाव दिले. ज्ञान परदेशातून आले, पण औषध मात्र आपल्या डोंगरउतारावरचे घ्यावे लागले. त्या ज्ञानाला इथे टिकायचे होते, तर इथल्या कांद्याशी सोयरीक करणे भाग होते.

आता मुख्य फुलाकडे येतो. सप्टेंबरात, गणपती होऊन गेल्यावर, लांबट मानेच्या कांद्यांतून उंच दांडे आले. एका संध्याकाळी कुंपणाबाहेरूनच वास आला. खाला म्हणाल्या, "गुलछबू!" आम्ही म्हणालो, "गुल-ए-शब्बो!" आमच्याबरोबरच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "अहो, हा तर निशिगंध!" तिघेही बरोबर होतो.

फारसीत शब म्हणजे रात्र, बू म्हणजे वास. शब-बू, रात्रीचा वास. निशिगंध म्हणजेही अक्षरशः तेच. हिंदी-बंगालीत रजनीगंधा, तेही तेच. एका फुलाला दोन भाषांनी नावे दिली आणि दोघींना एकच गोष्ट सुचली. गुलछबू हा तर त्या फारसी शब्दाचा मराठी जिभेवर झिजून गुळगुळीत झालेला गोटा. आमच्या खालांना फारसी येत नाही आणि त्या शब्दाला परका मानत नाहीत. मंडईत फुले विकणारी माळीण गुलछडी म्हणते, तिलाही त्यातला गुल कुठून आला याची फिकीर नाही.

पण गंमत पुढे आहे. हे फूल इराणचे नाही, आणि भारताचेही नाही. ते मेक्सिकोचे. तिथल्या आझ्टेक लोकांच्या भाषेत त्याला ओमिशोचित्ल, म्हणजे हाडाचे फूल म्हणत, त्याच्या हाडासारख्या पांढऱ्या रंगावरून. स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यावर, सोळाव्या शतकात, ते समुद्रापार निघाले. आज इराणात त्याला गुल-ए-मरियम म्हणतात, आणि शब-बू हे नाव तिथे दुसऱ्याच एका बागेतल्या फुलाचे आहे. म्हणजे नाव एका वाटेने आले, फूल दुसऱ्या वाटेने, आणि दोघांची गाठ हिंदुस्थानात पडली. अलीकडच्या वर्गीकरणात शास्त्रज्ञ निशिगंधाला घायपाताच्या वंशात घालतात. आपल्या बांधावरचा काटेरी घायपात आणि वेणीतला निशिगंध एकाच घरचे, दोघेही मेक्सिकोचे.

आणखी एक गोष्ट आम्हाला त्या प्राध्यापकांनी सांगितली. निशिगंध आज जगात कुठल्याही रानात आपोआप वाढलेला सापडत नाही. मेक्सिकोतही नाही. तो केवळ माणसाच्या हाताने जगला आहे. एकाने कांदा दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशीच ही साखळी चालत आली. म्हणजे या वाडीतही तो कोणीतरी आणून लावला, हे नक्की. पण कोणी?

आमचा बसऱ्याचा पणजोबा आता मागे पडला होता, तरी आम्ही त्याला सोडायला तयार नव्हतो. म्हणून जुना इतिहास चाळू लागलो. आमच्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावरचे चौल हे बंदर अरबांना सैमूर म्हणून माहीत होते. बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी, तिथे आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. पुढे पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन चौललाच उतरला. नंतर चौल अहमदनगरच्या निजामशाहीत आले. बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१ च्या सुमारास पोर्तुगीजांनी शेजारीच, आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला. वरचे चौल मुसलमानी, खालचे पोर्तुगीज, आणि मध्ये चार पावलांचे अंतर. १५७१ मध्ये निजामशाही फौजेचा मोठा वेढा उठला, १७४० मध्ये पोर्तुगीज गेले आणि मराठे आले.

याच बुऱ्हाण निजामशहाकडे गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य जात-येत असे. हा १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला, तो १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी तो एक. त्यात तो मुसलमान हकिमांशी आणि हिंदू वैद्यांशी झालेल्या चर्चा सांगतो, आणि औषधांची अरबी, गुजराती, दख्खनी नावे देतो. युरोपातल्या विद्वानांनी जे छापले त्यापेक्षा आपण डोळ्यांनी पाहिलेले खरे, असे म्हणण्याची हिंमत त्याच्यात होती. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लुसियस या युरोपी वनस्पतिज्ञाने त्याचा लॅटिन सारांश काढला आणि ऑर्ता सगळ्या युरोपला ठाऊक झाला.

हा क्लुसियस कोण? ज्याने पुढे १५९३ मध्ये हॉलंडमधल्या लायडनच्या बागेत ट्यूलिपचे कांदे लावले तोच. आणि ट्यूलिप म्हणजे आमचा लाला. तुर्कांच्या बागांतून तो व्हिएन्नाला गेला, तिथून क्लुसियसकडे, आणि हॉलंडात त्याचे एवढे वेड लागले की १६३७ मध्ये एकेका कांद्याच्या सौद्यात लोक बुडाले. बाबराने आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या परिसरात लाल्याचे बत्तीस-तेहतीस प्रकार मोजल्याचे लिहिले आहे. बादशहा स्वतः माणसे पाठवून फुलांचे प्रकार मोजवून घेतो, ही गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. तर असा हा लाला आणि आमच्या किनाऱ्यावरची औषधे, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर भेटली. फळ्यावरच्या फुलाचा आणि चौलच्या बंदराचा एवढा संबंध आम्हाला पुरेसा होता. मुलांना सांगायला गोष्ट मिळाली.

पण ऑर्ताची गोष्ट तिथे संपत नाही, आणि तिचा शेवट वाचून आमचा वंशावळीचा उत्साह ओसरला. ऑर्ताचे आईबाप मूळचे यहुदी, पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले. गोव्यात इन्क्विझिशन बसले तेव्हा अशा घराण्यांची मुळे खणणे सुरू झाले. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले. बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्याची स्वतःची हाडे कबरीतून उकरून जाळली. ज्याने हिंदुस्थानच्या मुळ्या-कंदांची नावे जगाला सांगितली, त्याच्यावर आरोप होता तो त्याच्या स्वतःच्या मुळांचा.

कुदळ घेऊन मुळे शोधण्याचे असे दोन प्रकार आहेत. एक, काय उगवते ते पाहण्यासाठी. दुसरा, कोण कुठला ते ठरवण्यासाठी. आपण कोकणी मुसलमान या दुसऱ्या प्रकाराच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी येतो. बाहेरचे विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि आपण घरात शजरा काढून बसतो, की आम्ही बसऱ्याचे, आम्ही हद्रमौतचे, ते कोण कुठले. बाहेरच्यांचा तो प्रश्न आपल्याला डाचतो आणि घरातला हा शजरा आपण अभिमानाने मिरवतो. दोघांच्या हातात कुदळ एकच आहे, हे आमच्या लक्षात यायला तीन घमेली कांदे लागले.

याची परीक्षा लवकरच झाली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका कांद्यातून लाल चेंडूसारखे फूल आले. रोपवाटिकेत याला फुटबॉल लिली किंवा मे फ्लॉवर म्हणतात. हे फूल आफ्रिकेचे, हबसाण म्हणजे इथिओपियातही ते रानात वाढते. आमचे एक सहकारी उडालेच. "मग हे जंजिऱ्याच्या सिद्दींनीच आणले!" मुरुडचा जंजिरा जवळ, सिद्दी मूळचे हबसाणचे, फूल हबसाणचे, गणित चोख जुळत होते. वर्षापूर्वी आम्ही हे डोळे झाकून लिहूनही टाकले असते. पण जुळणे म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही मुलांना इतिहासाच्या तासाला सांगतो, ते स्वतःलाही लागू केले पाहिजे. शोभेचे परदेशी कांदे आपल्याकडे पसरले ते मुख्यतः इंग्रजी अमदानीत, सरकारी बागांतून आणि रोपवाटिकांतून. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात अशी एक बाग सुरू झाली. पुढे डॉ. गिब्सन तिचे प्रमुख झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी तिथल्या झाडांची चित्रे एका हिंदी चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या बागेच्या संग्रहात आहेत. बाग मोडली, चित्रे राहिली. गिब्सनचे नाव राहिले. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

ही ओळ वाचताना आम्हाला खालांची आठवण झाली. आम्ही कांद्यांचा पत्ता बसरा, चौल, लायडन असा सगळीकडे विचारला होता. शेजारी बसलेल्या बाईला विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेलो आणि सरळ विचारले, "खाला, इथे गुलछबू लावला कोणी?"

"कोणी म्हणजे? माझ्या आयेने," त्या म्हणाल्या.

मग सगळे कळले. अलिबागच्या बाजाराला त्यांची आई मालकिणीबरोबर बैलगाडीतून गेली होती. तिथे एका माळणीने फुलांबरोबर मूठभर कांदे दिले. आईने ते ओच्यात बांधून आणले. "बाईसाहेबांनी सांगितलं, विहिरीपाशी लाव, रात्री वास खिडकीत येईल. आयेने लावले. उरलेले चार आमच्या अंगणात लावले. आमच्याकडचे गुरांनी खाल्ले." नागदवणा आधीपासून होता. पावसाळी लिली शेजारच्या आगरी घरातून आली, त्याच्या बदल्यात अळूचे कंद दिले. तो लाल चेंडू कुणीतरी मुंबईहून कुंडीतून आणला. रानकांदा डोंगरावरून कातकरी बायांनी आणून दिला होता, गुरांच्या औषधाला.

ही आमच्या वाडीची वंशावळ. त्यात एकही जहाज नाही. एक मालकीण, एक मजूर बाई, एक माळीण, एक आगरी शेजारीण, डोंगरावरच्या कातकरी बाया. सातबाऱ्यावर यांच्यापैकी कोणाचेच नाव नाही, मालकिणीचेही नाही. जहाजांचा इतिहास खोटा आहे असे नव्हे. मेक्सिकोपासून अलिबागच्या बाजारापर्यंत कांदा आणला तो समुद्राने आणि व्यापाऱ्यांनीच. पण बाजारापासून विहिरीपर्यंतची शेवटची वाट ओच्यातून झाली, आणि ती वाट नसती तर आमच्या कुदळीला काहीच लागले नसते. आपण आपल्या समाजाचा इतिहास लिहितो तेव्हा बंदरापाशी थांबतो. पुढची वाट बायांची आहे, आणि त्या बायांत सगळ्या जातीधर्मांच्या आहेत.

राहिला लाला. त्याचेही उत्तर मिळाले. ट्यूलिपच्या कांद्याला फुलण्याआधी बारा ते सोळा आठवडे कडाक्याची थंडी लागते. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरच्या पहाटेही ती मिळत नाही. सुंबुलचेही तेच. थंडी न मिळालेला कांदा मरत नाही एकदम. पाने काढतो, दोन वर्षे रेटतो, मग आतल्या आत संपतो. उर्दूतून शिकणाऱ्या आमच्या मुलांचे असे होऊ नये, ही आमची खरी चिंता आहे. उर्दूने आम्हाला पुष्कळ दिले. ती आमच्या रोजीचीही भाषा आहे. पण मुले घरी बोलतात ती कोकणी मराठी, खेळतात ते खाडीवर, आणि वहीत फुले काबूलची. दोन्हींमध्ये पूल बांधला नाही तर काबूल वहीतच राहते आणि खाडीला नाव मिळत नाही.

गेल्या वर्षी मालकांचा फोन आला. भावाभावांत बोलणी चालू आहेत, वाडी पर्यटकांच्या खोल्यांसाठी द्यायचा विचार आहे. "मास्तर, तुमचे कांदे-बिंदे काढून घ्या," ते म्हणाले. जागा त्यांची आहे, त्यांनी दोन वर्षे मोकळेपणाने वापरू दिली, तक्रार करायला आम्हाला तोंड नाही. पाने सुकल्यावर आम्ही पुन्हा कुदळ घेतली. तीन घमेल्यांची आता सात झाली होती. एक वाफा शाळेच्या भिंतीलगत केला. बाकीचे कांदे मुलांना घरी लावायला वाटले. प्रत्येक पुडीवर मुलांनीच उर्दूत आणि देवनागरीत नाव लिहिले, आणि विषारी कांद्यांवर लाल शाईने फुली मारली. सर्वांत आधी चार गुलछबू खालांच्या अंगणात लावले आणि गुरे येऊ नयेत म्हणून भोवती काट्या रोवल्या.

लाला विचारणारा मुलगा आता अलिबागला कॉलेजात जातो. त्यालाही एक पुडी ठेवली होती. परवा तो नेण्यासाठी आला. पुडीवरचे "गुल-ए-शब्बो, निशिगंध" वाचले आणि म्हणाला, "सर, खाली खालांच्या आईचं नाव पण लिहू का?" आम्हाला ते नाव माहीत नव्हते. दोघेही उठून विचारायला गेलो.